ॲप मुलांना येतं. बातमी तुम्ही शिकवा

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील काढून):

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात पत्रकारिता शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं हे पत्र आहे. त्या एका दैनिकात बरीच वर्षं उपसंपादक होत्या, आता तासिका तत्त्वावर शिकवतात. यंदा ‘डिजिटल पत्रकारिता’ हा पेपर त्यांच्याकडे आला आहे आणि त्यातले निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. विभागात दोन जुने संगणक आहेत, त्यांतले मराठी फॉन्टही जुने. कॅमेरा नाही, स्टुडिओ नाही. मुलं-मुली आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येतात. फोन सगळ्यांकडे आहे आणि रील सगळ्यांना करता येतं. त्या लिहितात : “एडिटिंगची ॲप मुलांना माझ्यापेक्षा जास्त येतात, मी त्यांना कसलं प्रात्यक्षिक देणार? विभागप्रमुख म्हणतात, यूट्यूब चॅनेल काढा, कॉलेजचे कार्यक्रम टाका, झालं प्रात्यक्षिक. ते मनाला पटत नाही. मध्यंतरी एका मुलानं वसतिगृहातल्या पाण्याचा व्हिडिओ टाकला, तर मलाच बोलावून जाब विचारला. माझी नेमणूक दरवर्षी नव्यानं होते. लॅब मिळेपर्यंत थिअरी नीट शिकवून मोकळं व्हावं, की बाहेरून कुणाला बोलावून दोन दिवसांची कार्यशाळा उरकावी?”

ताई,

‘ॲप मुलांना माझ्यापेक्षा जास्त येतात’ या तुमच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीची काळजी त्याच्यावरच उभी आहे. ते वाक्य खरं असेल. पण त्यावरून तुमच्याकडे शिकवण्यासारखं काही नाही हा निष्कर्ष तुम्ही काढलात, तो मला मान्य नाही. २०२०च्या जूनमध्ये टिकटॉक एका रात्रीत बंद झालं. ज्यांना फक्त त्यातली बटणं येत होती, त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. ज्यांना गोष्ट कुठून सुरू करायची आणि काय गाळायचं हे कळत होतं, ते दुसरीकडे जाऊन कामाला लागले. तुमच्या वर्गातल्या सगळ्यात चलाख रीलवाल्याला एवढंच विचारून बघा : तू वापरलेला हा व्हिडिओ पहिल्यांदा कुणी टाकला? कधीचा आहे? कुठला आहे? कशावरून? बहुतेक वेळा उत्तर येईल, ‘मॅडम, ग्रुपवर आला होता.’ या उत्तरावर न थांबता पुढचा प्रश्न विचारण्याची सवय तुम्हाला डेस्कवर बसून लागली आहे. मुलांकडे नसलेली आणि नोकरीत पहिल्या दिवसापासून लागणारी गोष्ट तीच आहे.

दुसरं गृहीतक लॅबचं. लॅब असावी, ती मागावीही. त्याबद्दल पुढे लिहिते. पण लॅब नाही म्हणून प्रात्यक्षिक नाही, हे खरं नाही. ‘खबर लहरिया’ २००२ साली उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये सुरू झालं. खेड्यातल्या बायका बातम्या लिहायच्या, तेही बुंदेलीत. आधी छापील वृत्तपत्र होतं, पुढे त्याच बायका हातात फोन घेऊन व्हिडिओच्या बातम्या करू लागल्या. आधी बातमी गोळा करणं आलं, फोन नंतर आला. तुमच्याकडे फोन आधीच आहे, म्हणजे उरलेलं शिकवायचं आहे.

आता कामाचं बोलू. पहिल्या आठवड्यात मुलांना सांगा, घरच्या, गावच्या, भावकीच्या ग्रुपवर फिरत असलेला एखादा सरकारी कागद घेऊन या. शाळांना सुट्टी, अनुदान मंजूर, भरती सुरू, असं काही ना काही कायम फिरत असतंच. तो कागद ‘जीआर’ असल्याचा दावा असेल तर मुलांना शेवटचा परिच्छेद वाचायला लावा. खऱ्या शासन निर्णयात तिथे लिहिलेलं असतं की हा निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे, त्याचा संकेतांक अमुक आहे आणि तो डिजिटल स्वाक्षरीनं साक्षांकित केला आहे. संकेतांक म्हणजे आकड्यांची लांबलचक ओळ. तिच्या सुरुवातीचे आकडे सहसा वर्ष, महिना, दिवस असे तारखेचेच असतात. शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांचा विभाग आहे, तिथे तो संकेतांक टाकून किंवा खातं आणि तारीख निवडून मूळ कागद शोधायचा. सापडला तर ओळीला ओळ लावून बघायचं. कितीदा तरी कागद खरा निघतो आणि जुना असतो. किंवा अटींचं पान गाळून फक्त पहिलं पान फिरत असतं.

सापडला नाही, तर मुलं लगेच ‘फेक’ म्हणून शिक्का मारतील. तिथे त्यांना थांबवा. परिपत्रक असेल, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश असेल, तर तो या यादीत नसणं शक्य आहे. मग फोन करायचा. सुट्टीचं असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, पीकविम्याचं असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. कोण बोललं, किती वाजता बोललं, नेमके शब्द काय होते, हे वहीत लिहायचं. त्यानंतर १५० शब्दांची बातमी : दावा काय होता, आम्ही काय तपासलं, काय सापडलं, काय अजून कळलेलं नाही. शेवटचं ‘काय कळलेलं नाही’ लिहायला मुलं कचरतात. त्यांना वाटतं, आपलं काम कच्चं दिसेल. तुम्ही त्या वाक्याला गुण द्या, म्हणजे भीड चेपेल. फोटोचं असेल तर गूगल लेन्समध्ये टाकून तो आधी कुठे छापून आला होता ते बघता येतं. आणि महत्त्वाचं पान सापडलं की वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) साठवून ठेवायची सवय लावा, कारण उद्या ते पान तिथे असेलच असं नाही. या सगळ्याला फोन आणि नेट सोडून काहीही लागत नाही.

दुसरा धडा आकड्यांचा, आणि तो मराठवाड्यात शिकवायला मोंढ्यापेक्षा, म्हणजे शेतमालाच्या बाजारापेक्षा, चांगली जागा नाही. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव असतात. तक्त्यात शेतमाल, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने आहेत. लातूरचं किंवा तुमच्या जवळच्या समितीचं सोयाबीन घ्या. महिनाभराच्या ओळी गूगल शीट्समध्ये भरायला सांगा. ‘सोयाबीनला पाच हजारांवर भाव’ असे मथळे बहुधा जास्तीत जास्त दरावरून होतात. तो दर चार पोत्यांना मिळाला की चारशे, हे मथळ्यात नसतं. शेजारी एक रकाना हमीभावाचा करा. २०२५-२६च्या हंगामासाठी तो क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला होता. सर्वसाधारण दर त्याच्या किती खाली-वर आहे, हे रोजचं उत्तर समोर आलं की मुलं आपोआप बोलू लागतात.

इथे सरासरीचा धडा घ्याच. समजा, एका दिवशी १० क्विंटल आवक आणि दर ५,००० रुपये. दुसऱ्या दिवशी १,००० क्विंटल आणि दर ४,२०० रुपये. दोन दरांची साधी सरासरी ४,६०० येते. पण आवकेच्या हिशोबानं काढली तर ४,२०८च्या आसपास येते. शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं, हे दुसरा आकडा सांगतो. ही बेरीज एकदा फळ्यावर हातानं करा, मगच शीटमधलं सूत्र दाखवा. नंतर मुलांना घरी जाऊन वडिलांकडची किंवा चुलत्यांकडची आडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, बघायला सांगा. वजन किती, दर किती, हमाली-तोलाई किती कापली. संकेतस्थळावरचा त्या दिवसाचा दर आणि हातातली पट्टी जुळत नसेल तर का, हा प्रश्न बाजार समितीत जाऊन विचारायचा. पट्टीवरचं नाव झाकायचं, आणि ज्याची पट्टी त्याला विचारूनच वापरायची. आपल्या मुलांच्या घरात असा पुरावा पडून आहे, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. मला यात सगळ्यात जास्त आनंद याचा वाटतो की शेतकऱ्याच्या मुलाला इथे शहरातल्या मुलापेक्षा जास्त कळतं, आणि वर्गाला ते दिसतं.

मोंढ्यात मुलाखत घेताना आवाजाचा प्रश्न येईल. फोन फ्लाइट मोडवर, बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, वाऱ्याकडे पाठ. सुरुवातीला त्याला नाव, गाव, काय करतो हे त्याच्याच तोंडून सांगायला लावा, म्हणजे नंतर नाव चुकत नाही. शेवटी अर्धा मिनिट कुणी न बोलता नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करा; जोडकामात तो उपयोगी पडतो. चित्र हललं तर बघणारा सोसतो, आवाज कळला नाही तर पुढे जातो. ॲपची बटणं मुलांनी तुम्हाला शिकवावीत. खरंच बसा त्यांच्याजवळ आणि शिका; त्यानं तुमचा मान कमी होणार नाही.

ते दोन जुने संगणकही फुकट नाहीत. त्यातली एखादी जुनी फाइल उघडा, मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाकायला सांगा. भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतील. कारण जुन्या फॉन्टमध्ये मराठी फक्त दिसतं, आत साठवलेली अक्षरं वेगळीच असतात. म्हणून तो मजकूर गूगलला सापडत नाही आणि दुसऱ्याच्या फोनवर वाचता येत नाही. युनिकोड म्हणजे काय, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत कशाला लागतो, हे यानंतर वेगळं समजावावं लागणार नाही. मग रूपांतर करून मुद्रितशोधन करायला द्या : रफार सरकलेले असतात, जोडाक्षरं फुटलेली असतात. अजूनही अनेक मराठी दैनिकांत पानं एका फॉन्टमध्ये लागतात आणि वेबसाइटला दुसरा लागतो. हे काम ज्याला न चुकता येतं, त्याची डेस्कला गरज असते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फोनवर मराठीत बोलून टाइप करायची सोय मुलांना जरूर वापरू द्या, पण रेकॉर्डिंग पुन्हा ऐकून, शब्द न् शब्द तपासून मगच अवतरण टाकायचं, ही अट ठेवा. एआयचंही तसंच. त्याच्याकडून बातमी लिहून घेतली असेल तर ते ओळखू येतं का, हा प्रश्न आता प्रत्येक शिक्षक विचारतो. कामाची वही मागितली की तो प्रश्न बराचसा सुटतो : कुणाला फोन केला, कोणतं पान बघितलं, पहिला मसुदा काय होता, तुमच्या खुणांनंतर तिसरा काय झाला. पहिल्या आणि तिसऱ्या मसुद्यातल्या फरकाला गुण द्या. मोंढ्यात न गेलेल्या मुलाची वही रिकामी राहते.

आता चॅनेलबद्दल. विभागप्रमुखांचं म्हणणं अगदीच झटकून टाकू नका. मुलांचं काम लोकांपुढे जायला हवं, इतकं त्यात बरोबर आहे. कुणी वाचणारच नसेल तर नाव चुकलं काय नि आकडा चुकला काय, मुलांना त्याचं काहीच वाटत नाही. पण दीपप्रज्वलन, सत्कार, आभारप्रदर्शन यांचं चित्रीकरण म्हणजे जनसंपर्क झाला. तेही काम शिकण्यासारखं आहे, फक्त त्याला पत्रकारितेचं प्रात्यक्षिक म्हणून गुण देऊ नयेत. मला विचाराल तर पहिले दीड-दोन महिने काम वर्गाच्या ग्रुपवर आणि विभागाच्या भित्तिपत्रकावर ठेवा. भित्तिपत्रक जुनं म्हणून हसू नका. शेजारी क्यूआर कोड लावला की त्याच कागदावरून मुलाखतीचा आवाजही ऐकता येतो, आणि चूक असेल तर कॉलेजमधलाच कुणीतरी येऊन सांगतो. त्या चुकीची दुरुस्ती तारखेसह तिथेच लावायची. त्यानंतर निवडक कामं चॅनेलवर न्या, आणि त्याहून चांगलं म्हणजे एखाद्या दैनिकाच्या जिल्ह्याच्या पानाला द्या. तुमच्या ओळखी आहेत, त्या इथे वापरा. मुलाच्या नावानं जिल्हा पानावर आलेली एक तपासलेली बातमी नोकरीच्या मुलाखतीत शंभर रीलपेक्षा जास्त बोलते. ६ जानेवारीला, ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्राच्या दिवशी, पत्रकार दिनाची भाषणं होतातच, यंदा त्या दिवशी मुलांचं काम मांडा आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या हमालांना, शेतकऱ्यांना, एसटीच्या वाहकांना बघायला बोलवा.

चॅनेल सुरू करण्याआधी एक पानाचे नियम लिहून विभागप्रमुखांची सही घ्या. प्रसिद्ध करण्याआधी शेवटचा हात कुणाचा, तक्रार आली तर कुणाकडे, दुरुस्ती कशी होणार. आणि काय कधीच टाकायचं नाही, हेही त्यात असू द्या. बलात्काराच्या प्रकरणातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांच्या बाबतीत ‘पोक्सो’चं, म्हणजे मुलांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाच्या कायद्याचं, कलम २३ आहे. गुन्ह्यात अडकलेल्या अल्पवयीनांसाठी बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. मुलं चेहरा धूसर करतात आणि मागे घराचा नंबर, शाळेची पाटी, आईचा आवाज तसाच ठेवतात. ओळख त्यावरूनच पटते. हे एक तास खर्चून, उदाहरणं करून दाखवा. मुलींचा विचार वेगळा करा : नाव द्यायचं की नाही हे त्यांचं त्यांना ठरवू द्या, कुणाचाही खासगी नंबर कुठे जाऊ देऊ नका, आणि शेवटची एसटी चुकेल असं काम देऊ नका. बसस्थानक, रेशनचं दुकान, ग्रामपंचायत यांतही बातम्या भरपूर आहेत. ग्रामपंचायतीच्या आराखड्याची आणि खर्चाची माहिती ई-ग्रामस्वराज पोर्टलवर बघता येते. प्रत्येकीनं आपल्या गावाचं एकच काम निवडावं आणि ते जागेवर आहे का ते बघून यावं.

वसतिगृहाच्या व्हिडिओचं सांगते. त्या मुलाला एकटं पाडू नका. पाण्याचा प्रश्न खरा असेल तर त्यानं काही चुकीचं केलेलं नाही, बातमी अर्धी केली आहे. त्याला जवळ बसवून ती पूर्ण करून घ्या. किती दिवसांपासून, कोणत्या मजल्यावर, टँकर किती वेळा येतो, पिण्याचं पाणी कधी तपासलं, रेक्टरांचं म्हणणं काय. रेक्टर बोलायला तयार नसतील तर लेखी प्रश्न द्या आणि उत्तरासाठी मुदत द्या. तुमचं कॉलेज अनुदानित असेल तर माहितीचा अधिकारही आहेच. २००५चा कायदा, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो, त्यामुळे संपादनाचाही सराव होतो. सत्र लहान असतं, म्हणून अर्ज पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच जायला हवेत. पण सगळे अर्ज कॉलेजवरच नकोत. नगरपरिषद, एसटी आगार, पंचायत समिती असे वाटून द्या. तुमच्या नोकरीची काळजी मला कळते. तासिका तत्त्वावरच्या माणसानं संस्थेशी भांडण अंगावर घ्यावं, असं मी सांगणार नाही. तरी पूर्ण झालेली, दोन्ही बाजू असलेली बातमी प्राचार्यांसमोर ठेवणं सोपं जातं, कारण तिच्यात उत्तर द्यायला त्यांनाही जागा असते.

कार्यशाळा ‘उरकू’ नका. दोन दिवसांत पाहुणा पंधरा ॲप दाखवून जाईल आणि प्रमाणपत्रं वाटून होतील. त्याऐवजी मुलांची तीन-चार कामं झाल्यावर एखाद्या तालुका वार्ताहराला एका तासासाठी बोलवा आणि त्याच कामांवर बोलायला सांगा. आणि लॅब मागताना स्टुडिओ मागू नका, तो प्रस्ताव वर्षभर टेबलांवर फिरेल. दोन कॉलर माइक, एक ट्रायपॉड, चालणारं वायफाय आणि सगळ्यांचं काम साठवायला एक हार्ड डिस्क, एवढंच लेखी मागा. संगणकांवर आवाज जोडायला ऑडॅसिटी आणि लिखाण-तक्त्यांसाठी लिब्रे ऑफिस फुकट बसतात.

एम.ए.चा वर्ग असेल तर नव्या शैक्षणिक धोरणातल्या ओजेटीचे (प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचे) किंवा फील्ड प्रोजेक्टचे श्रेयांक या कामाला जोडता येतात का, हे अभ्यास मंडळावरच्या कुणाला तरी आत्ताच विचारून घ्या. आणि सत्र सुरू व्हायच्या आधी प्रात्यक्षिकाचा आराखडा लिहून काढा : कोणत्या आठवड्यात काय, गुण कशाला, मुलं कुठे कुठे जाणार. त्याची एक प्रत विभागाकडे देऊन पोच घ्या. पुढे कुणी पुन्हा बोलावून विचारलं, तर तो कागद समोर ठेवता येईल, आणि नेमणुकीच्या मुलाखतीतही तोच दाखवता येईल.